मांजराचा मधुमेह : उपचार आणि खर्चाचा मेळ

मांजरांना होणारा मधुमेह बराचसा माणसांच्या दुसऱ्या प्रकारच्या मधुमेहासारखा असतो. स्वादुपिंडातल्या बीटा पेशी इन्सुलिन बनवतात, पण शरीर त्याला पुरेशी दाद देत नाही. तीच साखर आवरायला मग जास्त इन्सुलिन लागते. बीटा पेशींवर ताण पडतो, त्यांच्याभोवती अमायलॉइड नावाचे प्रथिन साचत जाते आणि त्या हळूहळू निकामी होतात. रक्तात साचलेली साखरही या पेशींना घातक असते. म्हणून उपचार जितका लांबेल तितक्या जास्त पेशी कायमच्या गमावल्या जातात. साखर लवकर खाली आली तर दमलेल्या पेशींपैकी काही पुन्हा कामाला लागतात. मांजराच्या मधुमेहातली सर्वांत आशादायक गोष्ट हीच आहे, आणि पैशाचा विचारही तिथूनच सुरू होतो. पहिल्या काही महिन्यांत नीट केलेला खर्च पुढच्या अनेक वर्षांचा खर्च वाचवू शकतो.

हा आजार मुख्यतः मध्यम वयाच्या आणि उतारवयाच्या मांजरांत दिसतो. मांजरींपेक्षा बोक्यांना, त्यातही नसबंदी झालेल्या, घरातच राहणाऱ्या आणि लठ्ठ बोक्यांना धोका जास्त असतो. बर्मीज जातीत तो ऑस्ट्रेलिया, न्यूझीलंड आणि ब्रिटनमध्ये विशेष आढळला आहे. औषधांमुळेही मधुमेह उद्भवतो. खाज, दमा किंवा हिरड्यांच्या सुजेसाठी दिलेली स्टेरॉइड्स, विशेषतः दीर्घकाळ टिकणारी इंजेक्शने, आणि प्रोजेस्टेरॉन गटातली औषधे इन्सुलिनचा परिणाम बोथट करतात. त्यामुळे निदान झाल्यावर गेल्या काही महिन्यांत मांजराला कोणती इंजेक्शने आणि गोळ्या दिल्या गेल्या याची यादी पशुवैद्यासमोर ठेवणे हे बिनखर्चाचे पहिले काम. स्टेरॉइड थांबवता आले, तर काही मांजरांची साखर तेवढ्यानेही बरीच खाली येते. मात्र स्टेरॉइड मनाने एकदम बंद करू नये. ते पशुवैद्याच्या सांगण्यानुसार टप्प्याटप्प्याने कमी करावे लागते.

लक्षणे

चार लक्षणे ठळक असतात: खूप तहान, खूप लघवी, वाढलेली भूक आणि तरीही घटणारे वजन. मांजराच्या रक्तातली साखर साधारण २७० ते २९० मिलिग्रॅम प्रति डेसिलिटरच्या वर गेली की मूत्रपिंडे ती अडवू शकत नाहीत. साखर लघवीत उतरते, सोबत पाणी ओढून नेते आणि तहान वाढते. लिटर ट्रेमधले वाळूचे गोळे मोठे होतात. बाहेर लघवी करणाऱ्या मांजराच्या जागी मुंग्या जमू लागतात. दिवसाला दर किलो वजनामागे १०० मिलिलिटरहून जास्त पाणी जात असेल, तर ते नक्कीच प्रमाणाबाहेर समजावे. चार किलोच्या मांजरासाठी हा आकडा ४०० मिलिलिटर होतो. पातेले मोजून भरले आणि दुसऱ्या दिवशी उरलेले मोजले, की हिशोब कळतो. घरात अनेक मांजरे असतील तर एकाला दिवसभर वेगळे ठेवून ही मोजणी करावी लागते.

आजार जुना झाला की मागच्या पायांच्या नसा दुबळ्या होतात. एरवी पंजांवर चालणारे मांजर मग टाच जमिनीला टेकवून चालते आणि उंच उडी टाळते. साखर आटोक्यात आली की बऱ्याच मांजरांत हा दोष काही महिन्यांत सुधारतो. अंगावरचे केस राठ होणे आणि मांजराने स्वतःला चाटून स्वच्छ ठेवणे सोडणे, याही खुणा आहेत.

निदान : कोणती तपासणी आधी

मांजराच्या बाबतीत रक्तातल्या साखरेच्या एका आकड्यावर निदान करता येत नाही. टोपलीतून रिक्षा, रिक्षातून दवाखाना, तिथे कुत्र्यांचे भुंकणे, एवढ्या ताणाने निरोगी मांजराची साखरही काही तासांपुरती ३०० च्या पुढे जाऊ शकते. म्हणून लक्षणे, रक्तातली वाढलेली साखर आणि लघवीतली साखर या तिन्हींचा मेळ बसावा लागतो. शंका उरली तर फ्रुक्टोसामाइन ही तपासणी करतात. ती मागच्या एक ते तीन आठवड्यांतल्या साखरेची सरासरी पातळी दाखवते आणि त्या दिवशीच्या ताणाने बदलत नाही. लक्षणे स्पष्ट असतील आणि घरी घेतलेल्या लघवीतही साखर आढळली असेल, तर काही वेळा ही तपासणी टाळता येते.

पैसे मोजके असतील तर तपासण्यांचा क्रम पशुवैद्याशी मोकळेपणाने ठरवावा. रक्तातली साखर, मूत्रपिंड आणि यकृताची मूलभूत रक्तचाचणी आणि लघवीची पूर्ण तपासणी, एवढे सहसा टाळू नये. लघवीत कीटोन (चरबी जळताना साचणारी द्रव्ये) आहेत का आणि जंतुसंसर्ग आहे का, हे त्यातूनच कळते. लघवीचा संसर्ग, किडलेले दात आणि सुजलेल्या हिरड्या शरीराला इन्सुलिनला दाद देऊ देत नाहीत. म्हणून त्यांच्यावरचा खर्च मधुमेहावरचाच खर्च आहे. सोनोग्राफी, थायरॉइडची तपासणी आणि वाढ-संप्रेरकाशी संबंधित तपासण्या मात्र बहुतेकदा नंतरच्या टप्प्यावर ढकलता येतात. इन्सुलिनची मात्रा वाढवूनही साखर हलत नसेल, तेव्हा त्यांची गरज पडते. मेंदूच्या तळाशी असलेल्या पीयूष ग्रंथीच्या गाठीतून वाढ-संप्रेरक जास्त स्रवणे हे अशा हट्टी मधुमेहाचे एक महत्त्वाचे कारण आहे.

बजेट पहिल्याच भेटीत सांगण्यात संकोच नसावा. ठरावीक रक्कम माहीत असली की पशुवैद्याला त्या रकमेत बसणारा उपचार आखता येतो. ती माहीत नसली, तर आदर्श योजना कागदावर राहते आणि मांजर दुसऱ्या भेटीला येतच नाही.

आहार : सर्वांत स्वस्त औषध

मांजर पूर्ण मांसाहारी प्राणी आहे. त्याच्या शरीराची घडण प्रथिने आणि चरबीवर चालण्यासाठी झालेली असते. पिष्टमय पदार्थ पचवायची त्याची ताकद मर्यादित असते. सुक्या दाणेदार खाद्यात मात्र तृणधान्ये किंवा कंद भरपूर असतात आणि बऱ्याच प्रकारांत एक तृतीयांश किंवा त्याहून जास्त ऊर्जा पिष्टातून येते. मधुमेही मांजरासाठी हे प्रमाण साधारण १२ टक्क्यांच्या खाली असावे, असे सांगितले जाते. मराठी घरांत मांजराला दूधभात, दूधपोळी किंवा बिस्किटाचा चुरा देण्याची जुनी सवय आहे. निदान झाल्यावर सर्वांत आधी ही सवय थांबवावी लागते.

पॅकबंद ओल्या खाद्यात पिष्ट सहसा कमी असते, पण सगळ्याच प्रकारांत नसते. रस्सा घट्ट करण्यासाठी काही कंपन्या स्टार्च घालतात, त्यामुळे पाकिटावरचे घटक वाचावेत. मधुमेहासाठीचे खास खाद्य महाग असते. ते परवडत नसेल तर साधे, पूर्ण आहार म्हणून विकले जाणारे, कमी पिष्टाचे ओले खाद्य चालू शकते. आणखी बचत करायची असेल तर त्यात घरी उकडलेली कोंबडी, अंडे किंवा काटे काढलेली मासळी मिसळता येते. कोकणात आणि मुंबईच्या कोळीवाड्यांजवळ लहान मासळी स्वस्त मिळते, पण ती शिजवूनच द्यावी. काही कच्च्या माशांतले विकर ब-१ जीवनसत्त्व नष्ट करते.

निव्वळ उकडलेल्या कोंबडीवर मांजराला महिनोन्‌महिने ठेवू नये. मांसात कॅल्शियम फार कमी असते, आणि शिजवताना टॉरिन हे आवश्यक द्रव्य पाण्यात उतरते. ते पाणी फेकले की टॉरिनही जाते. टॉरिनच्या कमतरतेने मांजराचे हृदय आणि डोळ्याचा पडदा दोन्ही बिघडतात. पूर्णपणे घरच्या जेवणावर राहायचे असेल तर कॅल्शियम, टॉरिन आणि जीवनसत्त्वांची जोड पशुवैद्याकडून ठरवून घ्यावी. कोंबडीचे काळीज आणि गिझार्ड कसायाकडे स्वस्त मिळतात. पण काळीज हा रोजचा मुख्य पदार्थ होऊ देऊ नये, कारण त्यातून अ जीवनसत्त्वाचा अतिरेक होतो. मसाल्याच्या रश्श्यातले तुकडे कधीच देऊ नयेत. कांदा आणि लसूण मांजराच्या तांबड्या रक्तपेशी फोडतात.

लठ्ठ मांजराचे वजन उतरल्यावर इन्सुलिन जास्त चांगले लागू पडते. मात्र उतार आठवड्याला एकूण वजनाच्या अर्धा ते दोन टक्के, एवढाच असावा. मांजराला उपाशी ठेवणे धोक्याचे आहे. लठ्ठ मांजराने काही दिवस खाणे सोडले की यकृतात चरबी साचून जीवघेणा आजार होतो. वजन घरीच पाहता येते. आधी मांजराला उचलून काट्यावर उभे राहावे, मग एकट्याचे वजन करून ते वजा करावे.

आहारबदलात एक धोका लपलेला आहे. इन्सुलिन सुरू असलेल्या मांजराचे पिष्ट अचानक कमी केले, तर त्याची इन्सुलिनची गरज काही दिवसांतच घटते. कालपर्यंत योग्य असलेली मात्रा मग जास्त ठरते. म्हणून अन्न बदलताना साखर जास्त वेळा तपासावी आणि मात्रा पशुवैद्याला विचारून कमी करावी.

इन्सुलिनची निवड

बहुतेक मधुमेही मांजरांना दिवसातून दोनदा, बारा तासांच्या अंतराने, त्वचेखाली इन्सुलिन टोचावे लागते. मांजराचे इन्सुलिन गायीच्या इन्सुलिनपेक्षा फक्त एका अमिनो आम्लाने वेगळे असते आणि माणसाच्या इन्सुलिनपेक्षा चार अमिनो आम्लांनी. एवढा फरक असूनही माणसांसाठी बनवलेले इन्सुलिन मांजरात काम करते, म्हणून साध्या औषधाच्या दुकानातला माल वापरता येतो. सुरुवातीची मात्रा सहसा दर वेळी एक युनिट, मोठ्या मांजरात फार तर दोन युनिट असते. ती पशुवैद्यच ठरवतो.

सर्वांत स्वस्त इन्सुलिन म्हणजे एनपीएच, मिलिलिटरला ४० युनिटच्या कुपीतले दुधाळ द्रावण. पण मांजराचे शरीर ते झपाट्याने वापरते. त्याचा परिणाम बारा तास टिकत नाही. साखर आधी जोरात खाली जाते आणि पुढचे इंजेक्शन येण्याआधी पुन्हा चढते. घरातल्या आजी-आजोबांचे ३०/७० चे मिश्र इन्सुलिन मांजराला देणेही योग्य नाही. त्यातला जलद भाग साखर धोकादायक पातळीपर्यंत पाडू शकतो. मांजरांसाठी दीर्घकाळ टिकणारे ग्लार्जिन हे जास्त पसंतीचे आहे. ते त्वचेखाली सूक्ष्म कणांच्या रूपात साचते आणि सावकाश विरघळते. प्राण्यांसाठीचे ४० युनिट ताकदीचे लेन्टे इन्सुलिन आणि प्रोटामाइन झिंक इन्सुलिन हेही मान्य पर्याय आहेत. ते जिथे सहज मिळतात तिथे पशुवैद्य त्यांचाही विचार करतात.

ग्लार्जिन महाग वाटते, पण मांजरासाठी हिशोब वेगळा पडतो. दहा मिलिलिटरच्या कुपीत १,००० युनिट असतात. दिवसाला चार युनिट घेणाऱ्या मांजराला ते अडीचशे दिवस पुरतील, म्हणजे बराचसा भाग जुना होऊन फेकावा लागेल. त्याऐवजी पेनमध्ये बसणारी तीन मिलिलिटरची कार्ट्रिज घेतली तर ३०० युनिट मिळतात आणि ती ७५ दिवस चालू शकते. माणसांसाठीच्या कागदावर उघडल्यानंतर २८ दिवसांची मुदत छापलेली असते. तरीही सतत फ्रिजमध्ये ठेवलेली आणि नितळ राहिलेली कार्ट्रिज अनेक पशुवैद्य मांजरासाठी त्यापुढेही वापरू देतात. कार्ट्रिजच्या रबरी टोकातून बारीक सिरिंजने औषध काढले की अर्ध्या युनिटचा फरकही करता येतो. पेनची चकती सहसा एकेका युनिटनेच पुढे जाते. बायोकॉन आणि वॉकहार्टसारख्या भारतीय कंपन्याही ग्लार्जिन बनवतात. केमिस्टकडे एकाहून जास्त ब्रँडची किंमत विचारावी आणि जवळच्या जनऔषधी केंद्रातही चौकशी करावी. मात्र एकदा एक ब्रँड सुरू केला की पशुवैद्याला न सांगता तो बदलू नये. ग्लार्जिन ३०० युनिट ताकदीतही मिळते. मांजरासाठी १०० युनिटचेच मागावे आणि वेष्टनावरचा आकडा दुकानातच वाचावा.

सिरिंजची चूक

भारतात दोन ताकदींची इन्सुलिने आणि दोन प्रकारच्या सिरिंज शेजारी शेजारी विकल्या जातात. लाल टोपणाची सिरिंज ४० युनिटच्या इन्सुलिनसाठी असते आणि नारिंगी टोपणाची १०० युनिटच्या. १०० युनिटचे इन्सुलिन लाल टोपणाच्या सिरिंजमध्ये भरले तर दर खुणेला अडीचपट औषध जाते. दोन युनिट समजून पाच युनिट टोचले जातात, आणि लहान मांजर तेवढ्याने दगावू शकते. उलट चूक झाली तर औषध अडीचपट कमी पडते आणि साखर का उतरत नाही याचे कोडे सुटत नाही. दुकानदार कोणत्याही टोपणाची सिरिंज पुढे करतो, म्हणून इन्सुलिनच्या वेष्टनावरचा आकडा आणि सिरिंजवरचा आकडा दर खरेदीला जुळवून पाहावा. तीस युनिटची, अर्ध्या युनिटच्या खुणा असलेली बारीक सिरिंज मांजरासाठी सर्वांत सोयीची असते.

महिन्याला साठ सिरिंज लागतात. शंभराचे खोके घेतले की सुटीपेक्षा स्वस्त पडते. एकच सुई पुन्हा पुन्हा वापरून बचत करू नये. ती बोथट होते, दुखते आणि कार्ट्रिजमध्ये जंतू पोचवते. वापरलेल्या सुया झाकणाच्या जाड प्लॅस्टिकच्या डब्यात साठवाव्यात आणि दवाखान्यात द्याव्यात. ओल्या-सुक्या कचऱ्यात टाकल्या तर सफाई कामगाराच्या हाताला टोचतात.

टोचणे आणि साठवण

आधी खाणे, मग इंजेक्शन हा क्रम बहुतेक घरांत सोपा जातो. मांजर खात असतानाच किंवा खाऊन झाल्या झाल्या खांद्यामागची किंवा बरगड्यांवरची सैल त्वचा चिमटीत धरून सुई त्या घडीत घालावी. जागा रोज थोडी बदलावी. औषध केसांत सांडले असे वाटले तरी पुन्हा टोचू नये. एक वेळ चुकली तर पुढच्या वेळी दुप्पट मात्रा देऊ नये, नेहमीचीच द्यावी. मांजराने अजिबात खाल्ले नाही किंवा उलट्या झाल्या, तर पूर्ण मात्रा देण्याआधी पशुवैद्याला फोन करावा.

न उघडलेले इन्सुलिन २ ते ८ अंश सेल्सिअसमध्ये ठेवतात. फ्रीझरच्या जवळ ते गोठून वाया जाते, म्हणून मधल्या कप्प्यात एका छोट्या डब्यात ठेवणे बरे. ग्लार्जिन नितळ असते आणि ते हलवायचे नसते. गढूळ झाले तर फेकावे. एनपीएचसारखी दुधाळ इन्सुलिने वापरण्यापूर्वी तळहातांत हलके फिरवून एकजीव करतात. ग्लार्जिनमध्ये सलाइन किंवा पाणी घालून ते पातळ करू नये, कारण त्याची सावकाश विरघळण्याची करामत आम्लतेवर अवलंबून असते. विदर्भ-मराठवाड्यातल्या उन्हाळ्यात वीज बराच वेळ जाते तेव्हा इन्सुलिन कापडात गुंडाळून थर्मासमध्ये ठेवता येते. बर्फ मात्र त्याला थेट चिकटू देऊ नये.

घरची तपासणी

पैसे वाचवण्याचा दुसरा मोठा मार्ग म्हणजे साखर घरी मोजणे. दवाखान्यात दिवसभर मांजर ठेवून दर दोन-चार तासांनी साखर मोजतात, त्याला साखरेचा आलेख म्हणतात. तो खर्चिक असतो, शिवाय तिथल्या ताणाने आकडेही फुगतात. हाच आलेख घरी काढता येतो. कानाच्या कडेने जाणारी बारीक शीर कोमट ओल्या कापडाने शेकावी, लॅन्सेटने हलकेच टोचावे आणि रक्ताचा थेंब ग्लुकोमीटरच्या पट्टीला लावावा. बहुतेक मांजरे थोड्याशा खाऊच्या बदल्यात हे सहन करायला शिकतात.

प्राण्यांसाठीचे ग्लुकोमीटर अचूक असतात, पण ते आणि त्यांच्या पट्ट्या महाग असतात. माणसांचे ग्लुकोमीटर मांजरात बहुधा खऱ्यापेक्षा कमी आकडा दाखवते. तरीही एकच यंत्र कायम वापरले आणि पशुवैद्याला त्याचे नाव सांगितले, तर चढउतार ओळखायला ते पुरते. खर्चात पट्ट्यांचाच वाटा मोठा असतो. त्यामुळे यंत्र घेताना आधी पट्टीची किंमत पाहावी. चौदा दिवस अंगावर चिकटणारा सेन्सर सतत आकडे देतो. त्याचा नियमित वापर बजेटबाहेर असेल, तरी मात्रा ठरवण्याच्या सुरुवातीच्या काळात एकदा लावल्याने दवाखान्याच्या काही फेऱ्या वाचतात.

साखर दिवसभर साधारण ८० ते ३०० च्या दरम्यान राहिली, मांजराचे वजन स्थिर राहिले आणि तहान ओसरली, तर नियंत्रण चांगले समजतात. माणसांसारखे काटेकोर आकडे गाठायचा हट्ट बहुतेकांना परवडत नाही आणि सर्वांना त्याची गरजही नसते. मात्रा वाढवताना एकेका पायरीने, सहसा अर्ध्या युनिटने आणि काही दिवसांच्या अंतराने वाढवतात. एका वाईट आकड्यावरून मात्रा बदलणे हे घरगुती उपचारातल्या बिघाडाचे नेहमीचे कारण असते.

लघवीच्या पट्ट्या आणखी स्वस्त पडतात. ट्रेमध्ये शोषून न घेणारे धुतलेले खडे ठेवले की लघवी तळाशी मिळते. लघवीतल्या साखरेवरून मात्रा वाढवू नये, कारण साखर धोक्याइतकी खाली गेल्याचे ती दाखवत नाही. दोन गोष्टी मात्र ती चांगल्या दाखवते. सतत साखर नसेल तर इन्सुलिनची गरज कमी होत आहे किंवा ते जास्त होत आहे. कीटोन आढळले तर त्याच दिवशी दवाखाना गाठावा. या सगळ्यासोबत एक साधी वही पुरते: तारीख, मात्रा, खाल्लेले अन्न, प्यायलेले पाणी, आठवड्याचे वजन आणि मोजलेली साखर. ती वही घेऊन गेले की तपासणीचा वेळ आणि खर्च दोन्ही कमी होतात.

दोन आणीबाणीचे प्रसंग

पहिला प्रसंग साखर घसरण्याचा. इन्सुलिन जास्त झाले, मांजर जेवले नाही किंवा ते सुधारत असून मात्रा तीच राहिली, तर साखर ६० च्या खाली जाते. मांजर झोकांड्या खाते, लपते, बाहुल्या मोठ्या होतात, अंग थरथरते आणि शेवटी झटके येतात. शुद्धीवर असेल तर लगेच खायला द्यावे. अशक्त असेल तर मध किंवा घट्ट साखरपाणी बोटाने हिरड्यांना चोळावे. बेशुद्ध मांजराच्या तोंडात पाणी ओतू नये, ते फुप्फुसात जाते. साखर चढल्यासारखी दिसली तरी दवाखान्यात न्यावेच, कारण इन्सुलिन अजून काही तास काम करत असते. यासाठी काही विकत आणावे लागत नाही. डब्यात साखर किंवा मध असतोच, फक्त तो हाताशी हवा.

दुसरा प्रसंग कीटोअॅसिडोसिसचा. इन्सुलिन अपुरे पडले की शरीर चरबी जाळू लागते, कीटोन साचतात आणि रक्त आम्ल होते. मांजर खाणे सोडते, उलट्या करते, निस्तेज पडते आणि कधी श्वासाला नेलपॉलिश काढायच्या द्रवासारखा वास येतो. सलाइन, पोटॅशियम आणि सतत देखरेख यांसाठी त्याला काही दिवस दाखल करावे लागते. घरातल्या संपूर्ण उपचाराचा काही महिन्यांचा खर्च असे एकदा दाखल करण्यात जाऊ शकतो. इन्सुलिन चुकवणे हे म्हणूनच काटकसरीचे सर्वांत महागडे रूप आहे.

गोळ्या आणि घरगुती उपाय

टोचण्याची भीती म्हणून अनेकजण गोळीचा आग्रह धरतात. ग्लिपिझाइड काही थोड्या मांजरांतच लागू पडते आणि ते कळेपर्यंत मौल्यवान आठवडे निघून जातात. मेटफॉर्मिनचा मांजरांत विशेष उपयोग दिसलेला नाही. लघवीवाटे साखर बाहेर टाकणाऱ्या ग्लिफ्लोझिन गटातल्या दोन औषधांना अमेरिकेत मांजरांसाठी मान्यता मिळाली आहे: बेक्साग्लिफ्लोझिनला २०२२ मध्ये आणि वेलाग्लिफ्लोझिनला २०२३ मध्ये. ती निवडक मांजरांनाच चालतात. आधी इन्सुलिन घेतलेल्या मांजरांना ती देत नाहीत, कारण साखरेचा आकडा ठीक दिसत असतानाही कीटोअॅसिडोसिस होऊ शकतो. माणसांसाठीची याच गटातली गोळी भारतात स्वस्त मिळते, पण ती अंदाजाने तोडून मांजराला देणे धोक्याचे आहे.

कारल्याचा रस, मेथीदाणे किंवा जांभळाच्या बियांची पूड यांनी मांजराचा मधुमेह आटोक्यात येतो, असा पुरावा नाही. त्यांचे खरे नुकसान वेगळे असते. त्या आशेवर इन्सुलिन उशिरा सुरू होते.

मधुमेह मागे हटतो तेव्हा

लवकर सुरू केलेले दीर्घकाळ टिकणारे इन्सुलिन आणि कमी पिष्टाचा आहार, यांच्या जोरावर बऱ्याच मांजरांना काही आठवडे ते महिन्यांनी इन्सुलिनची गरज उरत नाही. घरी साखर मोजून ग्लार्जिन दिलेल्या ५५ मांजरांचा अभ्यास २००९ मध्ये प्रसिद्ध झाला. त्यात एकूण ६४ टक्के मांजरे इन्सुलिनमुक्त झाली. निदानानंतर सहा महिन्यांच्या आत हा काटेकोर उपचार सुरू झालेल्या मांजरांत हे प्रमाण ८४ टक्के होते, उशीर झालेल्यांत ३५ टक्के. हे आकडे मेहनती मालकांच्या निवडक मांजरांचे आहेत. सर्वसाधारण दवाखान्यांत यश कमी दिसते, पण वेळेचे महत्त्व सगळीकडे तेच राहते.

इन्सुलिन बंद झाले म्हणजे आजार कायमचा गेला असे नाही. काही मांजरांत तो पुन्हा उलटतो. कमी पिष्टाचा आहार तहहयात चालू ठेवावा, महिन्यातून एकदा लघवी तपासावी आणि स्टेरॉइड टाळावीत.

पैसे अपुरे पडत असतील तर

मुंबईत परळचे बाई साकरबाई दिनशॉ पेटिट जनावरांचे रुग्णालय आणि १८८६ मध्ये स्थापन झालेल्या मुंबई पशुवैद्यकीय महाविद्यालयाची रुग्णालये, नागपूर आणि शिरवळची पशुवैद्यकीय महाविद्यालये, तसेच जिल्ह्याच्या ठिकाणची पशुवैद्यकीय सर्वचिकित्सालये, ही पाहण्यासारखी ठिकाणे आहेत. तिथे तपासणीचा खर्च खासगी दवाखान्यापेक्षा बहुधा कमी येतो. नेहमीच्या पशुवैद्याकडून निदान आणि योजना घ्यावी, रक्ताच्या काही तपासण्या अशा ठिकाणी कराव्यात, असा मध्यम मार्ग काढता येतो. पाळीव प्राण्यांचा विमा आधीच जडलेल्या आजाराला सहसा लागू होत नाही, त्यामुळे निदानानंतर त्यावर भरवसा ठेवू नये.

दोन इंजेक्शने, घरची मोजणी, कमी पिष्टाचे खाणे हा पूर्ण आराखडा जमत नसेल तर पशुवैद्याशी बोलून सोपा आराखडा करता येतो: कमी आणि सुरक्षित ठरावीक मात्रा, योग्य आहार, वजन आणि तहानेची नोंद, मधूनमधून लघवीची पट्टी. दोनदा टोचणे अशक्यच असेल, तर दिवसातून एकदा टोचणे कमी परिणामकारक असले तरी अजिबात न टोचण्यापेक्षा बरे. पशुवैद्यांच्या एका आंतरराष्ट्रीय पाहणीत निदान होताच सुमारे दहापैकी एका मधुमेही प्राण्याला मरण दिले जाते, असा अंदाज निघाला. खर्च, वेळ आणि टोचण्याची भीती ही त्यामागची काही कारणे होती. यातली टोचण्याची भीती पहिल्या आठवड्यात ओसरते, आणि खर्चही पहिल्या दोन-तीन महिन्यांत जास्त असतो, मग स्थिरावतो. म्हणून मरण देण्याचा निर्णय निदानाच्या दिवशी घेऊ नये.

काटकसर करायची ती खास खाद्यात, वाया जाणाऱ्या मोठ्या कुपीत, दवाखान्यातल्या आलेखात आणि नंतर करता येणाऱ्या तपासण्यांत करावी. योग्य प्रकारचे इन्सुलिन, जुळणारी सिरिंज, वेळेवरचे डोस आणि कीटोनची पट्टी यांत मात्र हात आखडता घेऊ नये.